पाण्याची रेघ तेवढी ठेवा : गावभागातल्या वाडामालकांना खुलं पत्र

प्रति,
गावभाग, हरभट रोड, मारुती चौक या भागांत ज्यांचे जुने वाडे आहेत आणि जे आज ना उद्या ते पाडून इमारत बांधणार आहेत, असे सगळे वाडामालक. तसंच त्यांच्याशी करार केलेली बांधकाम व्यावसायिक मंडळी,
सांगली.

स. न. वि. वि.

मी गावभागातली जुनी भाडेकरू. लग्न होऊन सांगलीत आले ती याच वाड्यात. भाड्याची पावती आधी सासऱ्यांच्या नावानं निघायची, मग यांच्या, आता माझ्या. आमच्या वाड्याचा करार झाल्याची बातमी मला मालकांच्या आधी कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं दिली. गल्लीत सगळं असंच कळतं, त्याबद्दल तक्रार नाही.

वाडे पाडू नका असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही, एवढं आधी स्पष्ट करते. वाड्यांबद्दल गहिवरून लिहिणारी माणसं बहुतेक पुण्यात राहतात, नाहीतर सांगलीच्याच विश्रामबागेत. भर पावसात, डोक्यावर पोतं घेऊन, चौकातल्या एकुलत्या संडासापुढं सगळ्या बिऱ्हाडांच्या रांगेत ती कधी उभी राहिलेली नाहीत. पांढऱ्या मातीच्या भिंतींचे पोपडे ताटात पडतात, घुशी जोतं पोखरतात, कौलं चाळायला माणूस मिळत नाही. आम्ही जे भाडं देतो त्यात कौलंसुद्धा बदलून होणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. तेव्हा पाडा. खुशाल पाडा. माझं मागणं भिंतीवरच्या पुराच्या रेघांपुरतं आहे.

आमच्या वाड्यात चौकातून सोप्यावर चढताना डाव्या हाताला जी भिंत आहे, तिच्यावर तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची, गेरूनं ओढलेली. ती माझ्या कमरेच्या जरा वर येते. तिच्यावर हातभर अंतरसुद्धा न सोडता २०२१ ची. ती कुणीतरी खिळ्यानं कोरली आहे, आणि कोरताना हात थकला असावा, कारण शेवटचा १ अर्धाच राहिला आहे. तिसरी २०१९ ची. ती कुणी ओढलेली नव्हती, पाण्यानंच ओढली. पाणी त्या उंचीला दिवसभर थांबलं होतं, तिथं चुना विरघळून तपकिरी पट्टा उमटला. मालकांच्या धाकट्यानं नंतर त्यावरून निळा ऑइलपेंट फिरवला. हात पूर्ण वर केला तर माझी बोटं जेमतेम तिथं टेकतात. विजेचा बोर्ड त्या रेघेच्या खाली होता. आता वर आहे, आणि दिवा लावायला मला स्टुलावर चढावं लागतं.

अशा रेघा गावभागात वाड्यावाड्यात आहेत. कुणाच्या देवघराच्या चौकटीवर, कुणाच्या दिंडीदरवाजाच्या आतल्या अंगाला, एका ठिकाणी तर जात्यामागच्या भिंतीवर. दोन-तीन वर्षांपासून त्या एकेक करून दिसेनाशा होत आहेत. वाडा पाडला की रेघ जातेच. पण पाडायच्या आधीही जाते: गिऱ्हाईक दाखवायला आणायचं म्हणून भिंतीला डिस्टेंपर मारला जातो. आमच्या जवळच्या एका नव्या इमारतीत घर बघायला आलेल्या जोडप्याला, "पाणी इथं एकदाच आलं होतं, तेही पायरीपर्यंत," असं कुणीतरी सांगताना मी स्वतः ऐकलं. जोडपं परगावचं होतं. बदलीवर आलेलं असावं. मुलगी बिचारी पार्किंगचा खांब न्याहाळत होती. खांबाला नवा करकरीत रंग होता. ती काय बघणार?

ही रेघ म्हणजे गावभागाचा दाखला आहे, असं मला वाटतं. कसा ते सांगते. जरा मागं जावं लागेल.

आज शहर माधवनगर, कुपवाड, मिरजेला जाऊन भिडलं आहे, पण मुळात सांगली म्हणजे गावभाग एवढीच होती. मिरजेच्या जहागिरीतलं कृष्णाकाठचं एक लहान गाव. पटवर्धनांच्यात चुलत्या-पुतण्याचं पटेनासं झालं तेव्हा पुतणे चिंतामणराव आप्पासाहेब आपला वाटा घेऊन १८०१ च्या सुमारास इथं आले आणि या गल्ल्यांना राजधानी करून टाकलं. गणेशदुर्ग बांधला, व्यापारी बोलावून पेठ वसवली, नदीकाठी काळ्या दगडातलं गणपतीचं मंदिर उठवायला घेतलं. त्याचं काम तीसेक वर्षं चाललं. हरभट रोडला ज्यांचं नाव आहे ते हरभट या घराण्याचे मूळपुरुष, कोकणातून इचलकरंजीच्या घोरपड्यांकडं आलेले. १८४३ साली आप्पासाहेबांच्याच आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी इथल्या राजवाड्यात नाटक केलं, आणि म्हणून ५ नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो. शाळेच्या सहलींना एवढं सांगतात आणि गणपतीचं दर्शन घेऊन बस पुढं जाते.

सहलींना सांगत नाहीत ते असं, की हे सगळं ज्या जमिनीवर उभं राहिलं ती पुराची आहे, आणि बांधणाऱ्यांना ते पक्कं माहीत होतं. जुन्या वाड्याकडं एकदा गवंड्याच्या नजरेनं बघा. खाली घडीव दगडाचं उंच जोतं. त्यावर माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत दगडाचेच थर. माती आणि भाजक्या विटा त्याच्यावर. पाणी मातीच्या भिंतीला उभ्यानं पाडत नाही, पाणी उतरल्यावर ती वाळताना बसते. २००५ लाही आणि २०१९ लाही आपल्याकडं कितीतरी भिंती ऊन पडल्यावर कोसळल्या. म्हणून जिथवर पाणी लागणार तिथवर दगड. धान्याची कोठी खाली नाही, माडीवर. माडीचा जिना बाहेरच्या चौकातून, म्हणजे आतली दारं फुगून बसली तरी वर जाता यावं. वाडा बांधणाऱ्यानं नदीशी भांडण काढलेलं नव्हतं, तडजोड केली होती.

आमच्या वाड्याला रस्त्यावरून चढायला पाच पायऱ्या होत्या, असं थोरल्या मालकीणकाकू सांगायच्या. मी आले तेव्हा चार होत्या. आता तीन दिसतात. बाकीच्या डांबराखाली आहेत. दर काही वर्षांनी रस्त्यावर थर चढतो आणि आमचं घर तेवढं खाली जातं. ही पायऱ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता नदीचं. गावभागात जुलै-ऑगस्टमध्ये "काय, जेवण झालं का?" असं कुणी विचारत नाही. "पुलाला किती?" असं विचारतात. पूल म्हणजे आयर्विन. संस्थानानं बांधलेला, १९२९ सालचा, तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव दिलेला. शेजारी आता दुसरा पूल झाला, पण फूट मोजायचे ते आयर्विनलाच. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सरकारी आकडे. गल्लीतला हिशेब त्याहून बारीक असतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही मंडळी धोक्याची वाट बघत बसत नाहीत. त्यांचं सामान आधीच हललेलं असतं. मग कर्नाळ रोड. मारुती चौकात पाणी दिसलं की आमच्याकडं गॅसचा सिलिंडर वर जातो. टिळक चौक झाला की गाद्या. हरभट रोडला होडी आली म्हणजे मग बोलायचं काही उरत नाही, माणसांनी वर जायचं.

नव्या लोकांना वाटतं, पाणी समोरून घाट चढून येत असेल. तसं होत नाही. विष्णू घाटाकडं तोंड करून बसलात तर पाठीमागून भिजाल. नदी चढली की नाल्यांचं आणि गटारांचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं फिरतं; आधी न्हाणीच्या मोरीतून गुळगुळ आवाज येतो, मग फरशीवर काळं पाणी. कोयनेचे दरवाजे किती उचलले, इकडं सगळ्यांचे कान असतात, पण खरी मेख खाली आहे. आपल्या पायाशी हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून वाहत असल्या की कृष्णेला पुढं सरकायला जागा राहत नाही. पाणी थांबतं, फुगतं, आणि दिवसचे दिवस आपल्या सोप्यात मुक्काम करतं. (कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद दर उन्हाळ्यात पेपरात असतो. तो आपल्या गल्लीत सुटणार नाही, म्हणून सोडून देते.)

हे ज्ञान कुठल्या कार्यालयात नव्हतं. ते भिंतीवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होतं. म्हातारी माणसं गेली किंवा मुलांकडं विश्रामबागेला गेली. राहिल्या भिंती.

आणि माड्या. माडीबद्दल जरा ऐसपैस लिहिते, कारण गावभाग गावभाग होता तो माडीमुळं.

आमच्या गल्लीत प्रत्येक घराची माडी ठरलेली होती. स्वतःची असेल तर प्रश्न नाही. नसेल तर कुणाच्या माडीवर जायचं, हे आजेसासूच्या काळापासून ठरलेलं. समोरचं शिंप्याचं बिऱ्हाड आमच्या मालकांकडं. कोपऱ्यावरचे अंबी पलीकडच्या वाड्यात, पण त्यांची होडी आमच्या दिंडीच्या कडीला बांधायची. यात आमंत्रण नसायचं आणि आभारही नसायचे. भांडण असलं तरी नियम मोडायचा नाही. २०१९ ला आमच्या मालकांच्या माडीवर जी माणसं होती, त्यांत सामाईक भिंतीवरून एकमेकांवर दावा लावलेले दोन सख्खे भाऊ होते. एकाच परातीतलं पिठलं-भात खाल्लं त्यांनी. थोरला धाकट्याला म्हणाला, "वाढून घे की, लाजतोस काय." पाणी ओसरलं, आणि पुढच्या तारखेला दोघं कोर्टात हजर. तरी पिठलं खाल्लं ते खाल्लंच.

त्या माडीवर एक शेळी होती, एक तीन महिन्यांचं बाळ होतं, आणि डायलिसिसला जाणारे एक काका होते. त्यांना होडीतून काढून विश्रामबागेच्या बाजूला नेईपर्यंत कुणाला झोप नव्हती. खालून वस्तू एकमेकांवर आपटल्याचे आवाज यायचे. फ्रीज तरंगतो, हे मला तेव्हा कळलं. आडवा होऊन, दार वर करून, तो सोप्यात सावकाश गोल फिरत होता.

त्या वर्षी एक गोष्ट मात्र फसली, आणि ती रेघेमुळंच फसली, हेही इथंच सांगते. नाहीतर तुम्हीच म्हणाल की बाई सोयीचं तेवढं लिहितात. गावभागानं २००५ ची रेघ ही शेवटची रेघ धरली होती. आयर्विनला तेव्हा ५४ च्या आसपास झालं होतं. त्याच्या वर पाणी येत नाही, असं सगळ्यांनी मनाशी पक्कं केलं. दुकानदारांनी माल त्या रेघेच्या फूटभर वर फळ्यांवर चढवला आणि कुलपं लावून निश्चिंत झाले. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कापडपेठेत, हरभट रोडला, मेन रोडला फळ्यांवरचा सगळा माल पाण्यात. नगरवाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. त्याआधी २००५ नं हरिपूर-सांगलीवाडीकडच्या कित्येक हळदीच्या पेवांचं, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचं, असंच केलं होतं. पिढ्यान् पिढ्या हळद कोरडी ठेवणारी ती जमीन एका पुरात कामातून गेली आणि व्यापारी गोदामांकडं वळले.

तेव्हा रेघ म्हणजे छत नव्हे. इथपर्यंत आलं होतं, एवढंच ती सांगते. याच्यावर येणार नाही असं सांगत नाही. पण २०१९ नंतर लोक शहाणे झाले ते दोन रेघा एकाखाली एक बघूनच. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४-५५ झालं, वर कोरोनाची दुकानबंदी होतीच, तरी नुकसान आटोक्यात राहिलं, कारण या वेळी माल दुकानाच्या वरच्या फळीवर नव्हता, गावाबाहेर होता.

नकाशावर शासनाच्याही रेषा आहेत. निळी, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या परवानगीच्या फायलीत त्या असणारच. त्यांचं महत्त्व मी कमी करत नाही. पण २००५, २०१९, २०२१ असं सोळा वर्षांत तीनदा ज्यांनी चिखल उपसला, त्यांना सरासरी सांगून उपयोग नाही. आणि फ्लॅट घेणाऱ्या माणसाला तो नकाशा कोण दाखवतं? भिंत मात्र दार उघडलं की समोर असते.

आता माझी मागणी.

वाडा पाडायच्या आधी रेघांची उंची मोजून घ्या. टेप लावून "रस्त्यापासून इतके फूट" असं लिहून ठेवू नका. पायऱ्यांचं काय झालं ते वर सांगितलं आहे. रस्ता वर येतो, जोतं जातं, भराव पडतो, आणि दहा वर्षांत तो आकडा खोटा ठरतो. तुमच्या साइटवर लेव्हल घेणारा माणूस येतोच, त्याचं यंत्र तिकाटण्यावर उभं असतंच. त्याला सांगा, तिन्ही रेघांची पातळी घे आणि गल्लीतल्या न हलणाऱ्या कशाला तरी जोडून ठेव, देवळाचा उंबरा म्हणा, जुन्या हौदाची कड म्हणा. तासाभराचं काम आहे. इमारत उभी राहिली की पार्किंगमधल्या दर्शनी खांबावर त्याच उंचीला तिन्ही रेघा सालांसकट कोरून घ्या. कोरून म्हणते, रंगवून नव्हे. रंगावर रंग बसायला एक दिवाळी पुरते. आणि २०१९ च्या वर थोडी जागा मोकळी सोडा.

दुसरं, घर विकताना कागदावर लिहून द्या की पुलाला किती फूट झाले म्हणजे या फाटकात पाणी लागतं. एकच ओळ. भाडेकरूलाही द्या. ज्याला ही ओळ माहीत आहे तो पाणी दारात यायच्या आधी गाडी काढतो, मीटर बंद करतो, आईला बहिणीकडं पोचवतो. ज्याला माहीत नाही तो लिफ्टमध्ये अडकतो. मीटर, पंप, लिफ्टची यंत्रणा यांतलं काहीही तळमजल्याला ठेवू नका, हे खरं तर इंजिनिअरनं सांगायचं. पण २०२१ नंतर एका नव्या इमारतीचे सगळे मीटर आठवडाभर पाण्याखाली राहिलेले बघितलेत, म्हणून बोलते.

आणि माडी. तुमच्या इमारतीत माडी नसेल, गच्ची असेल. तिची किल्ली गल्लीत राहील अशी सोय करा. २०२१ ला आमच्या मागच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडं होती ते गृहस्थ पुण्याला. खालच्या बैठ्या घरांतली माणसं जिन्यात बसून राहिली. कुणी वाईट नव्हतं त्यात. वॉचमन नवा होता, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सोसायटीच्या नियमांत एक कलम घाला: पुलाला ४५ झाले की गच्चीचं दार उघडं, आणि गल्लीतलं कुणीही वर येऊ शकेल. तुमच्या फरशीला चिखल लागेल. लागू दे. आमच्या मालकीणकाकूंच्या शेणानं सारवलेल्या माडीला शेळी चालली होती.

तुमची अडचण मला कळते. खांबावर तीन रेघा कोरल्या तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल, दर पडेल, असं तुम्ही म्हणाल. शहराच्या पूर्वेला हल्ली प्रत्येक जाहिरातीत "पूरमुक्त परिसर" असं ठळक छापतात. त्यांच्यापुढं आपण पूर कोरून ठेवायचा? पण विचार करा, सांगलीच्या कुठल्या माणसाला गावभागात पाणी येतं हे ठाऊक नाही? लपवून फसतं ते परगावचं माणूस. ते एका पुरात हैराण होतं, पडेल भावात घर विकतं किंवा कुलूप लावून जातं. मग त्या फ्लॅटमध्ये बॉक्सचं गोदाम होतं. आमच्या गल्लीत अशी चार कुलपं आहेत आणि एका बेडरूममध्ये प्लॅस्टिकच्या बादल्या भरलेल्या आहेत. उलट ज्याला सगळं सांगून घर दिलं तो टिकतो. तो इथं का येतो? बाजार पायाखाली, शाळा जवळ, सरकारी घाटावर संध्याकाळी बसायला मिळतं (पोहायला आता मगरींच्या भीतीनं पोरांना सोडत नाहीत, तो भाग वेगळा), भाद्रपदात गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच चोर गणपती गुपचूप येऊन बसतो, पाचव्या दिवशी संस्थानची मिरवणूक दारावरून जाते. २०१९ ला पाणी उतरून महिना झाला नव्हता तोवर चतुर्थी आली, २ सप्टेंबरला. भिंतींना ओल होती, नाकात वास होता, तरी गल्लीत एकही मखर कमी नव्हतं. असं गिऱ्हाईक रेघ बघून पळत नाही. ते विचारतं, गच्चीची किल्ली कुणाकडं असते?

बांधकाम व्यावसायिकांना एक जादा विनंती. जोत्याचे घडीव दगड ट्रॅक्टरनं भरावाला पाठवता, तसं करू नका. दगड चांगला आहे, शंभर-दीडशे वर्षं पाण्यात उभा राहून दाखवलंय त्यानं. कंपाउंडला वापरा, पायऱ्यांना वापरा. तुमचाच खर्च वाचेल.

आमच्या वाड्याचं पाडकाम दिवाळीनंतर काढणार, असं ऐकते. त्याआधी लेव्हलवाल्याला एकदा पाठवा. दार उघडायला मी घरीच असते; एक ते चार तेवढं सोडून, त्या वेळात मी झोपते. शिडी आणायची गरज नाही, २०१९ च्या रेघेला माझं स्टूल पुरतं.

कळावे,
आपली,
गावभागातली एक भाडेकरू